तीव्र मध्यम

स्कोअरच्या, म्हणजे गाण्याच्या छापील स्वरलिपीच्या, पहिल्या पानावर छापलेल्या लॅटिन ओळींखाली मी पेन्सिलीने देवनागरीत लिहून ठेवलंय, रेक्विएम एतेर्नाम दोना एईस दोमिने. रोमन अक्षरं समोर असली की जीभ आपोआप इंग्रजी वळणाने जाते आणि मग कंडक्टर सगळ्यांना थांबवून एका स्वरासाठी दहा मिनिटं घालवतो. देवनागरीत लिहिलं की प्रश्नच मिटतो, लिहिलंय तसं म्हणायचं. शेजारी बसणारी बाई, वय अठ्ठ्याहत्तर, तिने पहिल्याच मंगळवारी माझ्या पानात डोकावून विचारलं होतं की ही कुठली लिपी, आणि मी वाचून दाखवल्यावर म्हणाली, म्हणजे तुझा देव तुला अचूक उच्चारात ऐकणार.

सात वर्षं झाली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहून. पुण्याहून आलो ते नवऱ्याच्या नोकरीसाठी, इथे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांमुळे पुण्या-चिंचवडची बरीच मंडळी आहेत, गणपतीला हॉल भरतो, दिवाळीला फराळाचे डबे फिरतात, सगळं आहे. गाणं मात्र सुटलं होतं. मध्यमा पूर्णपर्यंत शिकले होते, नंतर लग्न, मुलं, ऑफिस, नेहमीचंच. मग तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका हौशी कोरसमध्ये गेले, ऑडिशन नव्हती म्हणून धीर झाला, आणि अल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभी राहिले. एकशेतीस माणसं एकत्र श्वास घेतात म्हणजे काय हे तेव्हा कळलं. आपल्याकडे गाणं म्हणजे एकट्याचा गळा, तंबोऱ्यांच्या मध्ये बसलेला एक माणूस. इथे तुमचा आवाज ऐकू आला तर ती चूक.

यंदा नोव्हेंबरच्या कार्यक्रमासाठी वॉर रेक्विएम ठरलं. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची रचना (देशाचं आणि माणसाचं नाव मराठीत सारखंच लिहिलं जातं, म्हणून इथे देशाला मी इंग्लंडच म्हणते). साधारण 85 मिनिटं, मध्यंतर नाही. रेक्विएम म्हणजे मेलेल्यांसाठी चर्चमध्ये म्हणायची प्रार्थना, तिचे लॅटिन शब्द शतकानुशतकं तेच आहेत, मोझार्टने, व्हेर्दीने त्याच शब्दांना चाली लावल्या. ब्रिटनने काय केलं, तर त्या प्रार्थनेच्या मधे-मधे पहिल्या महायुद्धात मेलेल्या एका इंग्रज कवीच्या नऊ कविता घातल्या. आणि गाणाऱ्यांचे तीन गट केले. मोठा ऑर्केस्ट्रा, आमचा कोरस आणि एक सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची बाई, हे लॅटिन गातात. दुसरीकडे बारा वादकांचा छोटा ताफा आणि दोन पुरुष गायक, वरच्या आवाजाचा टेनर आणि खालच्या आवाजाचा बॅरिटोन, हे दोन सैनिक, ते कविता गातात. आणि लांब कुठेतरी, वरच्या गॅलरीत, दिसणार नाहीत अशी मुलं, सोबतीला लहानसा ऑर्गन.

म्हणजे आम्ही प्रार्थना करणारे. मरणारे दुसरीकडे उभे. रिहर्सलला ते दोघे कधीच नसतात, ते कार्यक्रमाच्या दिवशी येतात, त्यामुळे अडीच महिने आम्ही नुसती प्रार्थना घोकत होतो, आणि पानावर मधे-मधे आमच्या ओळी रिकाम्या, तिथे नुसते विराम, तेवढा वेळ कंडक्टर म्हणायचा, इथे टेनर गातो, पुढे चला.

सुरुवातच विचित्र आहे. आपण 'सा' धरला तर कोरस दोनच स्वरांवर पुटपुटतो, सा आणि तीव्र मध्यम. घंटाही त्याच दोन स्वरांच्या. कोणी सा वर, कोणी तीव्र मध्यमावर, आलटून पालटून, गर्दी कुजबुजत कुठेतरी चालली आहे असं. युरोपच्या संगीतात हे अंतर फार बदनाम आहे, जुने लोक टाळायचे, सैतानाचं अंतर म्हणूनही त्याची ख्याती झाली. मला मात्र पहिल्या दिवशी ते ऐकून घरचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. यमन शिकताना गुरुजींनी महिनाभर त्या एका स्वरावर बसवलं होतं. पण यमनमध्ये तीव्र मध्यमाला पंचमाचं दार उघडं असतं, नि रे ग म प, तो स्वर लागला की पुढची पायरी दिसते. इथे पायरीच नाही. तीव्र मध्यम लागतो आणि तिथेच उभा राहतो, घंटा वाजते, परत सा, परत तीव्र मध्यम. माझ्या गळ्याला इतकी सवय की पंचमाकडे आपोआप ओढ लागायची आणि तो गिळावा लागायचा. घरी भांडी घासताना मी ते दोन स्वर म्हणायचे तर धाकटा म्हणायचा, आई, पुढचं म्हण ना.

कॉव्हेंट्रीत राहून हे गाणं गाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण ते लिहिलंच या गावासाठी गेलंय.

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री, पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात, पाचशेच्या आसपास जर्मन विमानं या गावावर आली आणि सुमारे अकरा तास बॉम्ब टाकत राहिली. पाचशे अडुसष्ट माणसं मेल्याची नोंद आहे. घरं गेली, कारखाने गेले आणि गावाच्या मधोमध असलेलं मध्ययुगीन सेंट मायकेल कॅथेड्रल छतासकट जळून गेलं, मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्या. त्या हल्ल्याला जर्मन सैन्याने सांकेतिक नाव दिलं होतं मोन्डशाईनसोनाटं, मूनलाइट सोनाटा, म्हणजे बेटहोव्हनच्या पियानोच्या त्या रचनेचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. घरात रोज पियानोचा क्लास, मुलगी तेच वाजवते.

कोरसमधल्या माझ्या शेजारणीची आई तेव्हा बारा वर्षांची होती. सकाळी निवाऱ्यातून बाहेर आली तर रस्ता ओळखू येईना, आणि तिला आयुष्यभर आठवत राहिला तो आवाज नव्हता, वास होता. एवढंच ती मुलीला सांगायची. मी जास्त विचारलं नाही.

ते पडकं कॅथेड्रल तसंच ठेवलंय. त्याच्या शेजारी, बेझिल स्पेन्स या आर्किटेक्टचं नवीन कॅथेड्रल उभं राहिलं आणि जुनं आणि नवीन यांच्यामध्ये आता एक मोठी काचेची भिंत आहे. पडक्या भागात छप्पर नाही, पावसात चालत आत जायचं. वेदीच्या मागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरलेत, फादर फरगिव्ह. पित्या, क्षमा कर. बायबलमध्ये क्रुसावरचा येशू म्हणतो, पित्या, त्यांना क्षमा कर. इथे 'त्यांना' काढून टाकलंय. हे करणारे रिचर्ड हॉवर्ड, कॅथेड्रलचे तेव्हाचे प्रमुख. गाव जळून सहा आठवडे झाले नव्हते तेव्हा नाताळच्या दिवशी त्या पडक्या भिंतींमधून रेडिओवर ते बोलले, आणि सूड घेऊ नका म्हणाले. मी पुष्कळ वेळा तिथे उभी राहिले, मुलांना घेऊन, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन, आणि दरवेळी पाहुणे फोटो काढायचे आणि मी त्या गाळलेल्या शब्दाकडे बघायचे. मराठीत कर्म गाळून वाक्य बोलणं आपल्याला रोजचं आहे, 'माफ कर' म्हटलं की कोणाला ते कळतं. इथे कळतच नाही. त्यांना का आम्हाला, का सगळ्यांनाच.

25 मे 1962 ला नवीन कॅथेड्रलचा अर्पणविधी झाला आणि 30 मे ला तिथे वॉर रेक्विएम पहिल्यांदा गायलं गेलं. ब्रिटन स्वतः कट्टर युद्धविरोधी, दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र हातात घ्यायला नकार दिला होता. 1945 मध्ये येहुदी मेनुहिन या व्हायोलिनवादकाबरोबर तो जर्मनीत गेला, छावण्यांतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसमोर त्यांनी वाजवलं, बेर्गेन-बेल्झेन या नाझी छळछावणीच्या जागीही गेले. त्याने ही रचना ज्या चार मित्रांना अर्पण केली त्यातले तिघे युद्धात गेले, चौथा युद्धातून जिवंत परतला आणि 1959 मध्ये त्याने जीव दिला. हा चौथा त्या यादीत आहे याला माझ्या लेखी फार किंमत आहे. युद्धाने कोणाला मारलं याची यादी कुठे संपते हे ब्रिटनला कळलं होतं.

तीन गायक त्याने ठरवूनच निवडले होते, सोप्रानो रशियन, टेनर इंग्लिश, बॅरिटोन जर्मन. गालीना विश्नेव्स्काया, पीटर पिअर्स आणि डीट्रिश फिशर-डीस्काऊ. सोव्हिएत सरकारने विश्नेव्स्कायाला परवानगी दिली नाही, जर्मन माणसाच्या शेजारी उभं राहून गाणं त्यांना चाललं नाही, म्हणून हेदर हार्पर या गायिकेने जेमतेम दहा दिवसांत तो अवघड भाग बसवला. पुढच्या जानेवारीत रेकॉर्डिंग झालं तेव्हा विश्नेव्स्काया आली. पण माझं मन अडकतं ते फिशर-डीस्काऊपाशी. अठरा वर्षांचा असताना त्याला जर्मन सैन्यात ओढलं गेलं, इटलीत तो अमेरिकनांचा युद्धकैदी झाला. त्याचा अपंग भाऊ होता, त्याला नाझींनी एका संस्थेत नेऊन उपाशी मारलं. हा माणूस त्या संध्याकाळी, त्याच्या देशाने जाळलेल्या गावात उभा राहून, इंग्लिश कवीची ओळ गातो, की मित्रा, तू ज्याला मारलंस तो शत्रू मीच. शेवटी त्याला रडू आवरलं नाही.

तो कवी विल्फ्रेड ओवेन. 4 नोव्हेंबर 1918 ला फ्रान्समध्ये, साम्ब्र नदीला जोडणारा कालवा ओलांडताना मारला गेला, वय पंचवीस. बरोबर एका आठवड्याने युद्ध संपलं, आणि गावात विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोचली. त्याच्या आईने 1920 मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांना एक पत्र लिहिलंय. मुलगा शेवटचा निघाला तेव्हा तुमच्या गीतांजलीतली ओळ म्हणाला, की जाताना एवढंच सांगून जाईन, जे पाहिलं त्याला तोड नाही. नंतर त्याची छोटी वही घरी परत आली, तिच्यात त्याच्या अक्षरात ती ओळ, खाली तुमचं नाव. पूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल, एवढं कळवाल का?

या पत्रापाशी मी किती वेळ थांबले सांगता येणार नाही. वही परत आली. नाव होतं, अक्षर होतं, आईला विचारायला एक पत्ता होता.

आमच्या घरातून गेलेल्या माणसाचं काहीच परत आलं नाही.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथे ग्रामपंचायतीजवळ एक दगडी पाटी आहे, अशा पाट्या त्या पट्ट्यात गावोगाव आहेत, इंग्रजीत लिहिलेलं, या गावातून एवढे पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यापैकी एवढ्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. लहानपणी सुट्टीत आम्ही त्या दगडाला टेकून कैऱ्या खायचो. त्या आकड्यातले एक आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ. रिहर्सल सुरू झाल्यावर मी आत्याला फोन केला, तिच्याशिवाय आता सांगणारं कोणी नाही.

आत्या म्हणाली, "आगं, ते कुतलअमारा का काय म्हणायचा आजा. तिकडं कोंडलं व्हतं म्हणं त्यांस्नी. घोड्याचं मटण खायाची पाळी आली."

कुत अल अमारा, आताच्या इराकमध्ये, टिग्रिस नदीकाठी. त्या सैन्याचं नावच सिक्स्थ पूना डिव्हिजन. मराठा पलटणी त्यात होत्या, आमचे हे थोरले आजोबा 110 नंबरच्या मराठा पलटणीत. बगदाद घ्यायला निघालेलं हे सैन्य हरून कुतला परत आलं आणि तुर्कांनी वेढा घातला, डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. अन्न संपलं, घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली, आपले बरेच शिपाई कितीतरी दिवस ते मांस शिवायला तयार नव्हते, उपाशी राहिले. शेवटी शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, आणि वाळवंटातून चालवत नेताना आणि छावण्यांमध्ये त्यातली हजारो मेली.

"आणि काकी?" मी विचारलं. म्हणजे त्यांची बायको.

"ती कुकू लावायची की मरंपतोर. कागुद कुठं आला? माणूस गेल्याचा कागुद न्हाई, मग कोण पुसायला सांगणार? दर पेरणीला म्हणायची, ह्या वर्साला येत्याल."

इराकमधल्या बसऱ्याला त्या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच्या अहवालात मान्य केलं की हजारो भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांच्या स्मरणात असा भेदभाव झाला, आणि माफी मागितली. बसऱ्याचा दगड आणि गावातला दगड, दोन्हीकडे आकडाच. मी हे सगळं रात्री लॅपटॉपवर वाचत बसले होते आणि कानात सा आणि तीव्र मध्यम.

मंगळवारी परत रिहर्सल. दीएस इरे, कयामतीचा दिवस, त्याचा ठेका सात मात्रांचा आहे. कोरसमधल्या बाकीच्यांना तो जड गेला, चार-चार मोजायची सवय, मी सुखात, मांडीवर बोटांनी रूपक धरलेला. मग लक्षात आलं रूपकचं वजन इथे बसत नाही, सात म्हणजे नुसतं चालताना पाय लंगडणं आहे. हळू आवाजात, तुटक, घाबरलेल्या जमावासारखं म्हणायचं. त्याच भागाच्या शेवटी सोप्रानो लाक्रिमोसा गाते, अश्रूंचा तो दिवस, आम्ही तिच्या खाली, परत सातच मात्रा पण संथ. आणि तिथे आमच्या ओळी तुटतात. विराम. पानावर टेनरची ओळ छापलेली. त्याला उन्हात हलवा, ओवेन म्हणतो, घरी याला ऊनच हळुवार उठवायचं, पेरायच्या राहिलेल्या शेतांबद्दल कानात सांगून. बर्फात मरून पडलेला शेतकऱ्याचा पोर आहे आणि मित्राला अजून वाटतंय सूर्याला काहीतरी जमेल, जो सूर्य बियाण्याला जागं करतो त्याला हे अजून गरम असलेलं अंग जागं करणं एवढं अवघड आहे का.

पेरायची राहिलेली शेतं. मी त्या पानाच्या समासात आमच्या आजोबांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांचं नाव आणि आडनाव धरून. पेन्सिलीने, देवनागरीत.

तिसऱ्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहायचंय कारण त्याने मला सगळ्यात जास्त छळलं. आम्ही एक उत्साही, उड्या मारणारी धून गातो, हे देवा, तू अब्राहमला आणि त्याच्या वंशाला वचन दिलंस ना. एका गटाने सुरू करायचं, दुसऱ्याने मागून पकडायचं, गायला फार मजा येते, मंगळवारी तोच भाग घरी जाताना सगळे गुणगुणायचे. मग दोन सैनिक उठतात आणि अब्राहमचीच गोष्ट सांगतात. देवाने मुलाचा बळी मागितला, बापाने मुलाला बांधलं, सुरा उचलला. आपल्याला ही गोष्ट परकी नाही, चिलया बाळाची गोष्ट ऐकत वाढलो आपण, चांगुणा उखळात पोराचं डोकं कांडते आणि ओवी गाते, लहानपणी आजीच्या मांडीवर ते ऐकताना श्वास अडकायचा, पण शेवटी शंकर प्रसन्न होतो आणि बाळ धावत येतं, हे माहीत असायचं म्हणून ऐकवायचं. बायबलमध्येही देवदूत हात धरतो, मुलाऐवजी मेंढा घे म्हणतो. ओवेनच्या कवितेतही देवदूत येतो, मेंढा दाखवतो, गर्वाचा मेंढा, तो कापून टाक. म्हातारा ऐकत नाही. मुलाला मारतो, आणि युरोपचं अर्धं बियाणं, एकेक करून.

एकेक करून, एकेक करून, दोघे सैनिक ते शब्द म्हणत राहतात आणि वरून लांबून मुलांचे आवाज, आमची अर्पणं स्वीकार. आणि मग आमची पाळी. परत तीच धून, तेच शब्द, वचन दिलंस ना, पण आता उलटी केलेली, वर जाणारे स्वर खाली उतरतात, आणि अगदी दबक्या आवाजात. ज्या तोंडाने आत्ता दोन मिनिटांपूर्वी जोशात म्हटलं त्याच तोंडाने. रिहर्सलमध्ये मधला भाग नसायचा, नुसतं मोठ्याने, मग हळू, मला ते तंत्र वाटायचं. कार्यक्रमाच्या दुपारी ते दोघे पहिल्यांदा आमच्यासमोर गायले आणि धून परत आली तेव्हा माझ्या ओळीतल्या चार-पाच जणींचा आवाजच उठला नाही. कंडक्टर रागावला नाही. म्हणाला, हो, साधारण एवढंच हळू.

कार्यक्रमाला चर्च पूर्ण भरलेलं. दगडी, उंच, कोटात बसलेली माणसं, कोटांवर कागदी खसखशीची लाल फुलं, इथे नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांच्या आठवणीसाठी सगळे लावतात. सांक्तुस या चौथ्या भागात एक जागा आहे, प्लेनी सुंत चेली, आकाश आणि पृथ्वी तुझ्या वैभवाने भरली आहेत, तिथे ब्रिटनने लय सोडून दिलीय, प्रत्येकाने आपापल्या वेगाने शब्द म्हणायचे, शेजाऱ्याशी जुळवायचे नाहीत, आणि सगळं मिळून चढत जायचं. दिंडीत मागून गजर चढत येतो आणि आपण कधी ओरडायला लागलो कळत नाही, तसं होतं. एकशेतीस माणसं, जेवढी जास्त विस्कळीत तेवढं मोठं. तेवढा वेळ मला खरंच वाटलं की प्रार्थना पुरते.

पुरत नाही. त्याच्यानंतर लगेच बॅरिटोन एकटा विचारतो की मेलेले परत उठतील का, आणि पृथ्वी त्याला उत्तर देते. ते उत्तर आशेचं नाही.

शेवटच्या भागात ढोल सुरू होतात, लिबेरा मे, मला सोडव, आम्ही आर्त होत होत शेवटी अक्षरशः किंचाळतो आणि ऑर्केस्ट्राच्या त्या स्फोटानंतर सगळं विझत जातं. उरतो एक लांबलेला क्षीण स्वर आणि दोन माणसं. एक सैनिक स्वप्नात एका बोगद्यात उतरलाय, तिथे कण्हत पडलेल्यांपैकी एक जण उठून त्याच्याकडे बघतो, ओळखीच्या नजरेने. ते बोलतात. आयुष्यात काय काय करायचं राहिलं ते बोलतात. आणि मग तो दुसरा, बॅरिटोन, जवळजवळ साथीशिवाय, मित्रा, तू ज्याला मारलंस तो शत्रू मी. काल माझ्यावर संगीन चालवलीस तेव्हा तुझ्या कपाळावर हीच आठी होती, त्यावरून ओळखलं.

अडीच महिने मी आमच्या आजोबांसाठी गात होते, उघड सांगते. कोणी त्यांच्यासाठी रेक्विएम म्हटलं नाही, तेरावं झालं नाही, काकींनी ते होऊ दिलं नाही. आणि त्या ओळीला मला पहिल्यांदा तुर्की सैन्यातला कोणीतरी दिसला. अनातोलियातल्या कुठल्यातरी खेड्यातला, त्याचीही पेरणी राहिलेली. आमच्या आजोबांनी वेढा पडायच्या आधी वर्षभर बंदूक चालवली होती, फक्त मेले नव्हते. ती बाजू मी कधी धरलीच नव्हती. घरात कोणीच धरली नव्हती. टिग्रिसच्या काठावर त्यांच्या हातून कोण गेलं, त्याच्या घरी कोणी वाट बघितली, तिथे कुंकवासारखं काय असतं ते मला माहीत नाही. गाळलेला 'त्यांना' तिथे उभ्या-उभ्या कळला, त्या जागी मला कोणालाच बसवता येईना.

चल, आता झोपू या, दोघे म्हणतात, परत परत, आणि वरून मुलं लॅटिनमध्ये, स्वर्गात देवदूत तुला नेवोत, मग आम्ही, मग सोप्रानो, पूर्ण रचनेत पहिल्यांदाच तिन्ही गट एकत्र. इतकं गोड की तिथेच संपावं. ब्रिटन संपू देत नाही. घंटा. सा, तीव्र मध्यम. परत तोच न सुटलेला स्वर, मुलांच्या तोंडी. आणि मग फक्त कोरस, ऑर्केस्ट्रा गप्प, घंटेचा स्वर कानात धरून अगदी हळू, रेक्विएस्कांत इन पाचे, शांतीने विसावोत, आमेन. शेवटच्या आमेनवर सा जागच्या जागी राहतो आणि तीव्र मध्यम अर्धा स्वर खाली उतरून शुद्ध मध्यमावर येतो. पंचमाकडे नाही, जिकडे माझा गळा अडीच महिने ओढ घेत होता तिकडे नाही. उलट्या बाजूला, खाली. तो उतार गळ्यात जाणवतो, घशातली एक गाठ बोटभर सरकल्यासारखा. सुटली असं म्हणवत नाही. सरकली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, खूप वेळ. वरच्या गॅलरीतून मुलांपैकी कोणाचंतरी खोकणं ऐकू आलं. शेजारणीने माझा हात धरलेला होता, कधी धरला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला मोबाइलवर शेवटचा तुकडा ऐकवला, मुलीच्या बाबांनी मागे बसून चोरून रेकॉर्ड केलेला. ऐकून झाल्यावर तिकडे बराच वेळ शांतता, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "देवळातल्यावानी हाय की गं. काय म्हणत्यात?"

म्हटलं, शांतपणे झोपा म्हणतात.

"काकीला ऐकवाय पायजे हुतं," आत्या म्हणाली. मग तिने ऊस कधी तुटणार ते सांगितलं.

स्कोअर भाड्याने आणलेले असतात, परत करायच्या आधी पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडायच्या, असा नियम. मंगळवारी हॉलमध्ये लांब टेबलाभोवती बसून सगळे खोडत होते, रबराचा चुरा, चहा, गप्पा. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली, रेक्विएम एतेर्नाम, खोडलं. श्वासाच्या खुणा, मात्रांचे आकडे, पंचम नको असं एका जागी लाल पेन्सिलीने लिहिलेलं, ते जाता जाईना. लाक्रिमोसाच्या पानावर आले. रबर धरलं आणि नाव खोडलं, आधी आडनाव, मग वडिलांचं, मग त्यांचं. पेन्सिल दाबून लिहायची माझी जुनी सवय आहे. कागद पांढरा झाला तरी बोट फिरवलं की अक्षरं लागत होती.

शेजारणीने विचारलं काय बघतेस, तर मी तिचं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं, आणि ते नाव तिला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या मागोमाग म्हटलं. पहिल्यांदा चुकलं. परत म्हणाली.